बिल्ड कॉन्फिगर करताना लायब्ररीतील फंक्शन कसे तपासावे

सी भाषेतला एखादा प्रकल्प आपल्या संगणकावर सुरळीत बिल्ड होतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर लिंकरपाशी, म्हणजे कंपाइल झालेले भाग आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनापाशी, अडतो, तेव्हा बऱ्याचदा एखादे असे फंक्शन त्याच्या मुळाशी असते, जे एका प्रणालीच्या लायब्ररीत आहे आणि दुसऱ्या प्रणालीच्या लायब्ररीत नाही. स्ट्रएलसीपीवाय हे स्ट्रिंगची नक्कल करणारे फंक्शन घ्या. ते १९९८ साली ओपनबीएसडी २.४ मध्ये आले, पुढे इतर बीएसडी प्रणालींनी, मॅकओएसने आणि मसल या सी लायब्ररीने ते स्वीकारले. ग्लिबसीमध्ये, म्हणजे बहुतेक लिनक्स वितरणांतल्या मुख्य सी लायब्ररीत, मात्र त्यावर अनेक वर्षे वाद चालला आणि अखेर ऑगस्ट २०२३ मधील २.३८ या आवृत्तीत ते दाखल झाले. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही त्याला जागा मिळाली. याचा परिणाम असा की डेबियन १२ वर, जिथे ग्लिबसी २.३६ आहे, ते सापडत नाही, उबुंटू २४.०४ वर, जिथे २.३९ आहे, ते सापडते. आणि मसल वापरणाऱ्या अल्पाइनवर ते पूर्वीपासूनच आहे. तिन्ही प्रणाली लिनक्सच. त्यामुळे ‘लिनक्स असेल तर हा कोड, बीएसडी असेल तर तो’ अशी प्रणालीच्या नावावर आधारलेली वाटणी आज ना उद्या चुकतेच. प्रणालीचे नाव विचारण्याऐवजी फंक्शनबद्दलच विचारावे, आणि तेही बिल्डच्या आधी, कॉन्फिगरच्या टप्प्यावर.

हे विचारण्याची साधने सोपी आहेत. अडचण येते ती प्रश्न नेमका करण्यात. ‘हे फंक्शन आहे का’ या वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: लिंकरला त्या नावाचा सिम्बॉल (लायब्ररीतली नोंद) मिळतो का, हेडरमध्ये त्याचे डिक्लरेशन (नाव आणि प्रकार सांगणारी ओळ) दिसते का, आणि चालवल्यावर ते अपेक्षेप्रमाणे वागते का. बहुतेक साधने मुळात यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, आणि आपण ते तिन्हींचे उत्तर समजून पुढे जातो. हा फरक सांभाळून तपासण्या कशा लिहाव्यात, ते इथे मुख्यतः कॉन्फिगर ही स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फच्या आधाराने आणि पुढे सीमेक व मेसन या बिल्डच्या साधनांच्या संदर्भात पाहू. मॅक्रोंची आणि फंक्शनांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीत लिहायची असतात, आणि ऑटोकॉन्फचे मॅक्रो सगळे मोठ्या अक्षरांत असतात.

आधी उत्तराचा उपयोग ठरवावा

ऑटोकॉन्फ वाचते त्या कॉन्फिगर.एसी या फाइलीत तपासणीची ओळ लिहिण्यापूर्वी, उत्तर ‘नाही’ आले तर आपण काय करणार हे ठरवले पाहिजे. पर्याय तीनच आहेत. त्या फंक्शनची आपली आवृत्ती प्रकल्पासोबत द्यायची, त्यावर अवलंबून असलेली सोय बंद ठेवायची, किंवा स्पष्ट संदेश देऊन कॉन्फिगर तिथेच थांबवायचे. यांपैकी काहीच करायचे नसेल तर ती तपासणी लिहूच नये. जुन्या प्रकल्पांत मेमसीपीवाय, स्ट्रसीएचआर, मेममूव्ह अशा फंक्शनांच्या लांबलचक तपासण्या आढळतात; ही सर्व फंक्शने १९८९ च्या सी मानकातली असून आजच्या कोणत्याही सर्वसाधारण प्रणालीवर ती असतात, आणि कोडमध्ये त्या तपासणीच्या उत्तराकडे कोणी पाहतही नसते. प्रत्येक तपासणी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल आणि लिंक करणे. अशा शेकडो निरुपयोगी तपासण्या जमल्या की कॉन्फिगरचा वेळ वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खऱ्या, महत्त्वाच्या तपासण्या त्या गर्दीत दिसेनाशा होतात.

सोय बंद ठेवायची असेल तर ती गुपचूप बंद होऊ नये. कॉन्फिगरच्या अखेरीस कोणत्या सोयी चालू आहेत आणि कोणत्या बंद, याचा चार ओळींचा गोषवारा छापावा. सुरक्षेशी निगडित सोय असेल तर मी याहून कडक नियम सुचवेन: ‘नाही’ आल्यास कॉन्फिगर थांबलेच पाहिजे, आणि ती सोय नकोच असेल तर वापरकर्त्याने तसा पर्याय स्वतः स्पष्टपणे दिला पाहिजे.

ऑटोकॉन्फची तपासणी आतून कशी चालते

ऑटोकॉन्फची सुरुवात डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये केली. युनिक्सच्या अनेक शाखा तेव्हा एकमेकींपासून दूर गेलेल्या होत्या आणि त्यांच्या हेडरांवर विसंबता येत नव्हते. फंक्शन लायब्ररीत असे, पण त्याचे प्रोटोटाइप कुठेच नसे. एसी_चेक_फंक या मॅक्रोची घडण त्या परिस्थितीतून आली आहे, आणि ती समजली की त्याच्या मर्यादाही समजतात.

एसी_चेक_फंक्स या मॅक्रोला स्ट्रएलसीपीवाय आणि रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे अशी नावे चौकटी कंसात दिली की तो प्रत्येक नावासाठी एक छोटा प्रोग्रॅम तयार करतो. त्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनचे खरे हेडर घेतलेले नसते. मॅक्रो स्वतःच ‘या नावाचे, कॅर परत देणारे एक फंक्शन आहे’ असे खोटे डिक्लरेशन लिहितो, मेनमधून त्याला एकही आर्ग्युमेंट न देता बोलावतो आणि तो प्रोग्रॅम लिंक करून पाहतो. लिंक झाला तर उत्तर ‘हो’, आणि कॉन्फिग.एच या उत्तरे साठवणाऱ्या हेडरमध्ये हॅव_स्ट्रएलसीपीवाय हा मॅक्रो १ या किमतीसह येतो. लिंक झाला नाही तर उत्तर ‘नाही’, आणि तो मॅक्रो व्याख्येविना राहतो. प्रोग्रॅम चालवला मात्र कधीच जात नाही, म्हणून चुकीचे डिक्लरेशन असूनही बिघाड होत नाही.

या रचनेत एक बारीक सोय केलेली आहे. ग्लिबसीमध्ये काही फंक्शने नावापुरती असतात. सिम्बॉल सापडतो, पण बोलावल्यावर ‘ही सोय उपलब्ध नाही’ एवढीच त्रुटी परत येते. लिनक्सवरचे सीएचफ्लॅग्ज हे असेच एक. अशा प्रत्येक फंक्शनसाठी ग्लिबसी ‘__स्टब_’ ने सुरू होणारा एक मॅक्रो जाहीर करते, आणि ऑटोकॉन्फचा प्रोग्रॅम लिमिट्स.एच घेऊन हा मॅक्रो आहे का ते पाहतो; असल्यास मुद्दाम कंपाइल न होणारी ओळ घालून उत्तर ‘नाही’ करतो. स्वतःच्या हाताने लिंक-चाचणी लिहिणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट सुटते, म्हणून तयार मॅक्रो असताना तो टाळू नये.

या पद्धतीचा त्रास होण्याचे एक नेहमीचे ठिकाण म्हणजे इशाऱ्यांना त्रुटी मानणारा ‘-डब्ल्यूएरर’ हा पर्याय. मेमसीपीवायसारखी फंक्शने कंपायलरला मुळातच ठाऊक असतात, त्यामुळे त्यांचे खोटे डिक्लरेशन पाहून जीसीसी ‘प्रकार जुळत नाहीत’ असा इशारा देतो. एरवी तो निरुपद्रवी असतो; परंतु सीफ्लॅग्ज या कंपायलरच्या पर्यायांच्या व्हेरिएबलमध्ये ‘-डब्ल्यूएरर’ ठेवून कॉन्फिगर चालवले तर त्या इशाऱ्याची त्रुटी होते, कंपाइल अडते आणि हाताशी असलेले फंक्शन ‘नाही’ म्हणून नोंदले जाते. इशाऱ्यांना त्रुटी मानायचेच असेल तर तो पर्याय वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवून फक्त मेकच्या वेळी द्यावा.

लिंकर हो म्हणाला, तरी हेडर पाहावे

समजा, प्रकल्प काटेकोर सी११ पद्धतीने, म्हणजे जीएनयूची वाढीव वैशिष्ट्ये बंद ठेवून, कंपाइल होतो. ग्लिबसीच्या लायब्ररीत रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे आहे, त्यामुळे लिंक-तपासणी ‘हो’ सांगते. पण एसटीडीलिब.एच मध्ये त्याचे डिक्लरेशन ठरावीक फीचर मॅक्रो (हेडरमधली वाढीव नावे उघड करणारा मॅक्रो) असल्याशिवाय उघड होत नाही, आणि काटेकोर पद्धतीत तो मॅक्रो आपोआप येत नाही. मग कोडमध्ये या फंक्शनला बोलावल्यावर जुना कंपायलर ‘हे इंट परत देत असावे’ असे गृहीत धरून केवळ इशारा देत असे. रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे प्रत्यक्षात पॉइंटर परत देते. ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांच्या इंटमधून आल्यामुळे अर्धा तुटतो आणि प्रोग्रॅम भलत्याच जागी कोसळतो. लिंकरने दिलेले उत्तर खरे होते. आपण त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

यावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे कॉन्फिगर.एसी मध्ये कंपायलरशी संबंधित कोणत्याही तपासणीच्या आधी एसी_यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स हा मॅक्रो लिहावा. तो जीएनयू, सोलारिस वगैरेंची फीचर मॅक्रो एकदम चालू करतो, आणि त्यानंतरच्या तपासण्या त्याच वातावरणात होतात. दुसरी म्हणजे जिथे शंका असेल तिथे एसी_चेक_डेक्ल्स वापरावा. तो खरे हेडर घेऊन नाव दिसते का ते पाहतो. त्याच्या उत्तराची धाटणी मात्र निराळी आहे: हॅव_डेक्ल_स्ट्रएलसीपीवाय हा मॅक्रो नेहमीच येतो, उत्तराप्रमाणे त्याची किंमत १ किंवा ० असते. त्यामुळे कोडमध्ये त्यासाठी ‘इफ’ लिहावे लागते. ‘इफडेफ’ लिहिले तर ० असतानाही अट खरी ठरते. ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते, कारण लेखकाच्या संगणकावर उत्तर बहुधा १ असते.

डिक्लरेशनविना फंक्शन बोलावण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने काढून टाकली होती, तरी कंपायलरांनी ती पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. क्लँग १६ ने मार्च २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने मे २०२४ मध्ये तिची त्रुटी केली. कोडपुरता हा बदल सोपा आहे, कारण बिल्ड अडतो आणि ओळ दिसते. कॉन्फिगरमध्ये तो धोकादायक आहे. एखाद्या जुन्या प्रकल्पातील हाताने लिहिलेल्या चाचणीत एसटीडीलिब.एच न घेताच एक्झिट बोलावलेले असते, किंवा मेनच्या आधी इंट लिहिलेले नसते. नवा कंपायलर ती चाचणीच नाकारतो, आणि कॉन्फिगर मात्र फंक्शन नसल्याचे समजून शांतपणे पुढे जाते. बिल्ड पूर्ण होतो, त्रुटी कुठेच दिसत नाही, फक्त एक सोय कमी झालेली असते. म्हणून हाताने चाचणी लिहायचीच असेल तर तिच्यात सर्व हेडर घ्यावीत, मेनचे पूर्ण रूप लिहावे, आणि ज्या फंक्शनची तपासणी आहे त्याखेरीज दुसऱ्या कशामुळेही ती अडणार नाही याची खात्री करावी.

फंक्शन कोणत्या लायब्ररीत आहे

काही फंक्शने मुख्य सी लायब्ररीत नसून वेगळ्या लायब्ररीत असतात, आणि ही जागाही काळानुसार बदलते. क्लॉक_गेटटाइमसाठी ग्लिबसी २.१७ च्या आधी आरटी ही लायब्ररी जोडावी लागे. त्या आवृत्तीपासून ते मुख्य लायब्ररीत आले. ऑगस्ट २०२१ मधील २.३४ या आवृत्तीत पीथ्रेड आणि डीएल याही लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाल्या. सोलारिसवर सॉकेटसाठी वेगळी लायब्ररी जोडण्याचा प्रघात होता. अशा ठिकाणी एसी_सर्च_लिब्ज हा मॅक्रो वापरावा. तो आधी काहीच न जोडता लिंक करून पाहतो, आणि जमले नाही तरच दिलेल्या लायब्ररी एकेक करून जोडून पाहतो. क्लॉक_गेटटाइम हे नाव आणि आरटी ही लायब्ररी त्याला दिली की नव्या प्रणालीवर काहीच जोडले जात नाही आणि जुन्या प्रणालीवर ‘-एलआरटी’ हे लिब्ज या व्हेरिएबलच्या सुरुवातीला जोडले जाते.

एसी_चेक_लिब हा जुना मॅक्रो याच कामासाठी सर्रास वापरलेला दिसतो, पण तो थेट ‘या लायब्ररीत हे फंक्शन आहे का’ असे विचारतो. फंक्शन मुख्य लायब्ररीत असले तरी तो उगीचच दुसरी लायब्ररी जोडून मोकळा होतो. विशिष्ट त्रयस्थ लायब्ररीच हवी असेल तेवढ्यापुरता तो ठीक आहे, आणि तिथेही त्या लायब्ररीची पीकेजी-कॉन्फिग फाइल (ती कशी जोडायची हे सांगणारी) मिळत असेल तर तीच वाट अधिक भरवशाची.

एसी_सर्च_लिब्ज वापरताना दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. तो हॅव_ ने सुरू होणारा मॅक्रो तयार करत नाही, म्हणून कोडला ते उत्तर हवे असेल तर त्याच्या पाठोपाठ एसी_चेक_फंक्स लिहावा; लायब्ररी तोवर लिब्जमध्ये आलेली असल्यामुळे ती तपासणी बरोबर उत्तर देते. हा क्रम उलटा केला की जुन्या प्रणालीवर उत्तर ‘नाही’ येते. दुसरे असे की लिब्ज सर्व प्रोग्रॅमांना लागू होते. प्रकल्पात दहा प्रोग्रॅम असतील आणि लायब्ररी एकालाच हवी असेल, तर तपासणीच्या आधी लिब्जची किंमत बाजूला ठेवून, सापडलेली लायब्ररी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेऊन, मूळ किंमत परत द्यावी.

गणिती फंक्शनांची चाचणी हाताने लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. चाचणीत वर्गमुळाच्या फंक्शनला ४ अशी स्थिर संख्या दिली तर कंपायलर उत्तर स्वतःच काढून ठेवतो, लिंकरपर्यंत फंक्शनचे नाव जातच नाही, आणि गणिताची लायब्ररी लागत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा चाचणीत बदलती किंमत द्यावी.

उत्तर कोडपर्यंत पोहोचवणे

तपासणी बरोबर असूनही तिचे उत्तर कोडपर्यंत न पोहोचण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे कॉन्फिग.एच उशिरा घेणे. प्रत्येक सी फाइलीत ते सर्वांत आधी, कोणत्याही प्रणालीच्या हेडरपूर्वी घेतले पाहिजे, कारण फीचर मॅक्रो त्यातच असतात आणि एकदा एसटीडीआयओ.एच वाचले गेले की त्यांचा काही उपयोग उरत नाही.

पर्यायी आवृत्ती प्रकल्पासोबत द्यायची असेल तर एसी_रिप्लेस_फंक्स हा मॅक्रो सोयीचा आहे: फंक्शन न सापडल्यास तो त्याच नावाची ऑब्जेक्ट फाइल लिबऑब्ज्स या यादीत टाकतो. त्यासोबत एका छोट्या हेडरमध्ये, ‘डिक्लरेशन नसेल तरच’ या अटीखाली, त्या फंक्शनचे डिक्लरेशन लिहावे. काही प्रकल्प तपासणीच न करता आपल्या फाइलीत त्याच नावाचे स्टॅटिक फंक्शन लिहून मोकळे होतात. ते चालते, पण प्रणालीच्या हेडरमध्ये ते नाव येईपर्यंतच. ग्लिबसी २.३८ वर स्ट्रएलसीपीवायचे डिक्लरेशन स्ट्रिंग.एच मध्ये आल्यावर असा कोड ‘स्टॅटिक डिक्लरेशन आधीच्या डिक्लरेशनशी जुळत नाही’ म्हणून अडतो. आपली आवृत्ती कायमच वापरायची असेल तर तिला प्रकल्पाचा उपसर्ग लावलेले वेगळे नाव द्यावे. मग कोणतीच तपासणी लागत नाही. लहान फंक्शनांसाठी मला हाच मार्ग पसंत आहे. पर्यायांची संख्या मोठी असेल तर जीएनयूलिब या प्रकल्पातील तयार मॉड्यूल घ्यावीत. त्यांत केवळ नसलेल्या फंक्शनांचीच नव्हे, तर असूनही सदोष असलेल्या फंक्शनांचीही सोय आहे.

सीमेक आणि मेसन

सीमेकमध्ये चेक_फंक्शन_एक्झिस्ट्स आणि चेक_सिम्बॉल_एक्झिस्ट्स अशा दोन आज्ञा आहेत. पहिली ऑटोकॉन्फप्रमाणे फक्त लिंक करून पाहते. दुसरी हेडर घेऊन कंपाइल आणि लिंक दोन्ही करते. सीमेकचे दस्तऐवजच दुसरी वापरण्याची शिफारस करतात, आणि ती मानावी, कारण मॅक्रो किंवा इनलाइन रूपात असलेली फंक्शने पहिलीला दिसत नाहीत. दुसरीला फंक्शनचे नाव, अवतरणचिन्हांत हेडरचे नाव आणि उत्तर ठेवण्याचे व्हेरिएबल असे तीन भाग द्यावेत. फीचर मॅक्रो आणि लायब्ररी प्रकल्पाच्या टार्गेटवर लावून भागत नाही. तपासणीला त्या कळाव्यात म्हणून सीमेक_रिक्वायर्ड_डेफिनिशन्स आणि सीमेक_रिक्वायर्ड_लायब्ररीज ही व्हेरिएबल भरावी लागतात, आणि तपासणी झाल्यावर ती रिकामी करावीत, नाहीतर पुढच्या तपासण्यांवर त्यांचा परिणाम होतो.

सीमेक उत्तर कॅशमध्ये ठेवते, ‘नाही’ हे उत्तरसुद्धा. हरवलेली लायब्ररी नंतर बसवून पुन्हा सीमेक चालवले तरी जुने उत्तर कायम राहते. अशा वेळी बिल्डची निर्देशिका नव्याने करावी, किंवा ३.२४ पासून मिळणारा ‘--फ्रेश’ हा पर्याय द्यावा. मायक्रोकंट्रोलरसाठी बिल्ड करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. पूर्ण प्रोग्रॅम लिंक होत नाही म्हणून टूलचेन फाइलीत सीमेक_ट्राय_कंपाइल_टार्गेट_टाइप हे व्हेरिएबल स्टॅटिक लायब्ररीवर ठेवण्याची पद्धत आहे. तसे केले की चाचणीत लिंकर येतच नाही, आणि लिंकवर विसंबलेली तपासणी अस्तित्वात नसलेल्या फंक्शनलाही ‘हो’ म्हणते.

मेसनमध्ये कंपायलरच्या ऑब्जेक्टवर हॅज_फंक्शन ही पद्धत आहे. तिला प्रीफिक्स या नावाने हेडरची ओळ द्यावी. दिली की तपासणी त्या हेडरसह होते, न दिली की ती लिंकपुरती राहते. वेगळी लायब्ररी लागत असेल तर ती डिपेंडन्सीज या नावाने द्यावी.

असणे आणि अपेक्षेप्रमाणे चालणे

काही फंक्शने सर्वत्र असतात, पण सर्वत्र सारखी वागत नाहीत. स्ट्रएरर_आर ची पॉझिक्स आवृत्ती इंट परत देते आणि जीएनयू आवृत्ती कॅरचा पॉइंटर. क्यूसॉर्ट_आर मध्ये बीएसडीच्या मूळ आवृत्तीत आणि जीएनयूच्या आवृत्तीत आर्ग्युमेंटांचा क्रम वेगळा आहे. अशा ठिकाणी नावाची तपासणी निरर्थक ठरते. हेडर घेऊन, अपेक्षित प्रकारांसह फंक्शन बोलावून कंपाइल होते का ते पाहावे. स्ट्रएरर_आर साठी ऑटोकॉन्फमध्ये एसी_फंक_स्ट्रएरर_आर हा खास मॅक्रो आहे.

वागणूक तपासण्यासाठी प्रोग्रॅम चालवावा लागत असेल, तर क्रॉस-कंपाइल करताना पेच येतो. एआरएमसाठी तयार केलेला प्रोग्रॅम एक्स८६ च्या संगणकावर चालत नाही, म्हणून कॉन्फिगरला अंदाज बांधावा लागतो. एसी_फंक_मॅलॉक हा मॅक्रो मॅलॉकला ० दिल्यावर रिकामा नसलेला पॉइंटर मिळतो का ते पाहतो. क्रॉस-कंपाइलमध्ये तो सावधपणे ‘नाही’ धरू शकतो आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक हे नाव घालतो. ते फंक्शन प्रकल्पाने दिलेले नसेल तर बिल्डच्या अखेरीस ‘आरपीएल_मॅलॉक सापडत नाही’ ही त्रुटी येते, जी एम्बेडेड क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेली असते. तात्पुरता उपाय म्हणजे एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल या कॅश व्हेरिएबलला ‘यस’ ही किंमत देऊन कॉन्फिगर चालवणे. कायमचा उपाय म्हणजे तो मॅक्रो काढून टाकणे आणि कोडमध्ये मॅलॉकला ० न देणे. चालवून पाहण्याची तपासणी शक्य तितकी टाळावी, हेच मी सांगेन.

मॅकओएस आणि विंडोज

मॅकओएसवर एसडीके (हेडर आणि लायब्ररींचा विकास-संच) नवे आणि प्रणाली जुनी, असा प्रसंग येतो. क्लॉक_गेटटाइम मॅकओएस १०.१२ मध्ये, म्हणजे २०१६ साली आले. त्याच सुमारास आलेल्या एक्सकोड ८ मधले नवे एसडीके १०.११ वर वापरणाऱ्यांना असा अनुभव आला की लिंक-तपासणी ‘हो’ म्हणते, प्रोग्रॅम बिल्ड होतो, आणि चालवल्यावर सिम्बॉल न सापडल्यामुळे बंद पडतो. लिंकर एसडीके पाहत होता, आणि फंक्शन हवे होते ते चालत्या प्रणालीत. इथे हेडर घेऊन केलेल्या तपासणीला ‘-डब्ल्यूएरर=पार्शल-अ‍ॅव्हेलेबिलिटी’ हा पर्याय जोडावा; ठरवलेल्या किमान आवृत्तीत फंक्शन नसेल तर ती मग ‘नाही’ म्हणते. याचेच लिनक्सवरचे रूप म्हणजे उबुंटू २४.०४ वर स्ट्रएलसीपीवाय सापडून बिल्ड झालेला प्रोग्रॅम डेबियन १२ वर ‘ग्लिबसी २.३८ सापडत नाही’ म्हणून सुरूच न होणे. तयार प्रोग्रॅम वाटायचा असेल तर बिल्ड सर्वांत जुन्या लक्ष्य प्रणालीवर करावा.

३२ बिटांच्या विंडोजवर विन्डोज एपीआयच्या फंक्शनांची सिम्बॉल-नावे आर्ग्युमेंटांच्या आकारासह सजवलेली असतात, त्यामुळे खोट्या डिक्लरेशनची लिंक-तपासणी स्लीपसारख्या साध्या फंक्शनलाही ‘नाही’ म्हणते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून प्रिंटएफ घराण्यातील फंक्शने हेडरमध्ये इनलाइन झाली, त्यांचेही तेच होते. दोन्हींवर उपाय एकच: खरे हेडर घेणारी तपासणी.

चुकीचे ‘नाही’ शोधणे

तपासणीचे उत्तर अनपेक्षित वाटले तर अंदाज करत बसू नये. ऑटोकॉन्फची कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडून तिच्यात फंक्शनचे नाव शोधावे. अडलेला प्रोग्रॅम, कंपायलरची पूर्ण आज्ञा आणि त्याने दिलेली त्रुटी हे सर्व तिथे ओळीने लिहिलेले असते. सीमेक ३.२६ पासून हीच माहिती सीमेककॉन्फिगरलॉग.यामल या फाइलीत ठेवते, आणि मेसन मेसन-लॉग.टीएक्सटी मध्ये. पाहायचे ते एवढेच, की त्रुटी खरोखर त्या फंक्शनच्या अभावाची आहे का. ‘सिम्बॉल सापडत नाही’ असेल तर उत्तर खरे. विरामचिन्हाची, प्रकाराची किंवा दुसऱ्याच हेडरची तक्रार असेल तर चाचणीच मोडलेली आहे.

हे किती गंभीर असू शकते ते एक्सझेड प्रकरणाने दाखवून दिले. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या साधनांच्या वितरणात घुसवलेला चोरदरवाजा उघड केला. त्यानंतर त्या प्रकल्पाचा कोड तपासला गेला, तेव्हा सीमेकच्या फाइलीत, लँडलॉक ही लिनक्सची संरक्षणसोय उपलब्ध आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, एका ओळीवर एकटा पूर्णविराम आढळला. त्या एका ठिपक्यामुळे चाचणीचा प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर कंपाइल होऊ शकत नव्हता. सीमेक दरवेळी ‘नाही’ नोंदवत होते आणि लँडलॉकवर आधारलेला सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅमचे अधिकार मर्यादित ठेवणारे कुंपण, बंद राहत होता. बदल पाहणाऱ्याच्या नजरेत तो ठिपका भरणे कठीण होते, आणि बिल्डने कधीच तक्रार केली नाही. म्हणून तपासण्यांमधील बदल मुख्य कोडइतक्याच बारकाईने वाचावेत.

दोन्ही उत्तरांचा बिल्डही नियमित करून पाहावा. एसी_सीव्ही_फंक_स्ट्रएलसीपीवाय या कॅश व्हेरिएबलला ‘नो’ देऊन कॉन्फिगर चालवले की फंक्शन असलेल्या संगणकावरही पर्यायी कोड वापरला जातो. सीमेकमध्ये तेच व्हेरिएबल आज्ञेसोबत बंद करून देता येते. या बिल्डवर सर्व चाचण्या चालवाव्यात, कारण पर्यायी कोड लेखकाच्या संगणकावर एरवी कधी चालतच नाही. सातत्याने बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत ग्लिबसीच्या जोडीला मसलवरची एक फेरी ठेवावी. आणि कंपायलरची नवी आवृत्ती घेताना, जुन्या व नव्या कंपायलरने त्याच संगणकावर कॉन्फिगर चालवून दोन्ही कॉन्फिग.एच फाइली डिफने शेजारी शेजारी पाहाव्यात: संगणक तोच आणि लायब्ररी तीच असताना ज्या ओळीचे उत्तर बदलले असेल, तिची चाचणी उघडून दुरुस्त केल्याशिवाय नवा कंपायलर वापरात आणू नये.